वही मिट आणि गोळीचं बघ

पत्र थोडक्यात असं: "आईचं वय 61. आठ महिन्यांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. स्तन राखून गाठ काढली, रेडिएशनही झालं. रिपोर्टमध्ये गाठ शेजारच्या चरबीत शिरल्याचं लिहिलं होतं. तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय. चरबीच गाठीला पोसते हे कळल्यावर आईचं वजन उतरवायचं मी मनावर घेतलं. रोज सकाळी वजन करून वहीत लिहिते. जेवण निम्म्यावर आणलंय. ती चिडते, रडते, काट्यावर उभीच राहत नाही. बोटं आणि गुडघे दुखतात म्हणून लेट्रोझोलची गोळीही हल्ली एक दिवसाआड घेते, पण वजन उतरलं की दुखणं थांबेलच. तिला कसं समजावू?"

आईला नंतर समजावू. आधी तू ऐक.

तुझ्या पत्रात चरबीवर पानभर मजकूर आहे आणि गोळीवर एक वाक्य. तेही तू दुखण्याच्या ओघात उरकलंयस. मी मात्र त्या वाक्याशी थांबले ते थांबलेच.

तू वाचलंयस ते खोटं नाही. गाठीला चिकटून असलेल्या चरबीच्या पेशी गप्प बसत नाहीत. गाठ त्यांना फितवते. त्या साठवलेली चरबी सोडून देतात, आकसतात, त्यांचं रूपच पालटतं. त्यांनी सोडलेली मेदाम्लं कॅन्सरच्या पेशी इंधन म्हणून वापरतात. शिवाय या फितलेल्या पेशी दाह वाढवणारी रसायनं आणि आजूबाजूचं जाळं विरघळवणारी विकरंही, म्हणजे एन्झाइम्सही, सोडतात. त्यामुळे गाठीला पुढे सरकायला वाट मिळते. पण फितवणारी गाठ आहे, हे विसरू नकोस. आईच्या जेवणाने तिला हा आजार दिला असा हिशेब तू मांडून बसली आहेस, आणि तो तिला रोज सकाळी काट्यावर ऐकावा लागतो. सडपातळ बाईच्या स्तनातही चरबी असते. दूधनलिका आणि ग्रंथी चरबीतच रुतलेल्या असतात, त्यामुळे नलिकेची भिंत फोडून बाहेर पडलेली गाठ सहसा चरबीतच शिरते. रिपोर्टमधल्या ज्या ओळीने तुझी झोप उडवली, तिच्यावरून आजाराचा टप्पा ठरत नाही. गाठीचा आकार, त्वचा किंवा छातीची भिंत, काखेतल्या गाठी हे पाहून तो ठरतो. आणि गाठीला लगटून असलेली चरबी शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच निघाली.

उरली बाकीच्या शरीरातली चरबी, आणि तुझी गफलत इथेच झाली. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ थांबवतात, पण शरीर थांबत नाही. चरबीत अरोमाटेज नावाचं विकर असतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून आलेल्या संप्रेरकांपासून, म्हणजे हार्मोन्सपासून, ते इस्ट्रोजेन तयार करतं. आईला लेट्रोझोल दिलंय म्हणजे तिची गाठ संप्रेरकांवर वाढणारी होती, आणि हे इस्ट्रोजेन तिचं खत होतं. लेट्रोझोल नेमकं ते अरोमाटेज बंद पाडतं. ज्या चरबीच्या तू हात धुऊन मागे लागली आहेस, तिची सगळ्यात घातक करामत रोखणारी वस्तू तुमच्याच घरात पाकिटात पडून आहे, आणि ती चुकतेय हे माहीत असून तू किलो मोजते आहेस. मला याचा राग येतो. आईचा नाही, तुझा.

आईचं दुखणं खरं आहे. या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांचे सांधे दुखतात, सकाळी बोटं मिटत नाहीत. तिने ते डॉक्टरांना सांगितलं नसणार. "एवढ्या मोठ्या आजारातून वाचले आणि बोटांची तक्रार काय करायची," असं म्हणणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्यात. पण या दुखण्यावर उपाय आहेत. डॉक्टर त्याच गटातली दुसरी गोळी देतात, कधी थोडे दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात, कधी औषधाचा गटच बदलतात. नियमित चालण्याने आणि ताकदीच्या व्यायामानेही दुखणं कमी होतं. हा उपचार साधारण 5 वर्षं चालतो. गोळी कधी घ्यायची, कधी नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आईने गुपचूप नाही, तूही नाही.

वजन आटोक्यात ठेवणं चांगलंच, पाळी गेल्यानंतर तर नक्कीच. पण अर्धपोटी ठेवून नाही. या गोळीने हाडं तशीही विरळ होतात, त्यात स्नायू झडले तर ती चालणार कशी?

उद्या सकाळी काटा कपाटावर टाक आणि तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ घे. या आठवड्यातलीच. तपासणीच्या खोलीत तू बोलू नकोस, तिला बोलू दे: "हात दुखतात म्हणून माझ्या गोळ्या चुकतात." हे वाक्य तिच्याच तोंडून यायला हवं. तू सांगितलंस तर तिला ती आणखी एक चहाडी वाटेल.

आणि ती वही हवीच असेल तर पान उलट. कोणता सांधा, किती वाजता दुखतो, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, ते लिही. डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल. पेन मात्र आईच्या हातात दे. बोटं दुखत असतील त्या दिवशी ती सांगेल, तू लिही.