पानगळीनंतरचे झाड

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनीने लिहिले आहे की, दर ऑक्टोबरात त्यांचे कुटुंब रंगीत पाने पाहायला व्हरमाँटला जाते, दोन दिवस राहून परतते आणि त्यानंतर थेट एप्रिलपर्यंत घरातील कोणालाच बाहेर पाहावेसे वाटत नाही. आठ वर्षांची मुलगी तर ‘बाहेर काहीच नाही’ असे म्हणते. तिला बदलत्या ऋतूंची गोडी कशी लावावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, व्हरमाँटला अवश्य जावे. परंतु दोन दिवसांत ऋतू दिसत नाही, त्याचा केवळ एक देखावा दिसतो. घराजवळचे एकच झाड निवडून मुलीने ते वर्षभर पाहावे, असा माझा आग्रह आहे. शक्यतो लाल मेपल निवडावा, कारण तो तुमच्याकडे रस्त्याच्या कडेला आणि ओलसर जागी सहज आढळतो.

ऑक्टोबरात तिला सांगावे की पानातील पिवळा रंग नव्याने येत नाही. तो आधीपासून असतोच आणि हरितद्रव्य ओसरल्यावर दिसू लागतो. लाल रंग मात्र झाड त्याच दिवसांत तयार करते आणि स्वच्छ उन्हाचे दिवस व थंड, पण न गोठवणाऱ्या रात्री लाभल्या तर तो अधिक खुलतो. पाने गळून गेली की खरी गंमत सुरू होते. देठ जिथून सुटले त्या खुणेच्या वर एक बारीक लालसर उंचवटा असतो. उसाच्या कांड्यावर असतो त्याला आपल्याकडे डोळा म्हणतात, तोच शब्द मुलीला द्यावा. हे डोळे झाडाने पाने गळण्यापूर्वीच, उन्हाळ्यात तयार करून ठेवलेले असतात. हे एकदा बोटाने चाचपून पाहिलेले मूल डिसेंबरातल्या फांदीला सहसा ओकीबोकी म्हणत नाही.

आपल्या पिढीला हे अवघड जाते, याचे कारणही समजून घ्यावे. महाराष्ट्रात ऋतू प्रामुख्याने पावसावरून ओळखला जातो आणि साग किंवा पळस पाने गाळतो तो कोरड्या दिवसांत पाणी राखण्यासाठी. तुमच्याकडे मुख्य सूत्र उजेडाचे आहे: जूनमध्ये दिवस सुमारे १५ तासांचा, तर डिसेंबरात सव्वानऊ तासांचा असतो. पुण्यात हाच फरक जेमतेम सव्वादोन तासांचा असल्यामुळे उजेडाकडे पाहण्याची सवय आपल्याला लागलेलीच नसते. दर रविवारी सूर्यास्ताची वेळ मुलीने वहीत लिहावी. डिसेंबर सरण्यापूर्वीच संध्याकाळ लांबू लागल्याचे तिला स्वतःलाच आढळेल.

मार्चच्या सुमारास, एकही पान नसताना, लाल मेपलला इवली तांबडी फुले येतात. होळीच्या दिवसांत निष्पर्ण पळस जसा फुलतो, तसाच हा फुलतो, आणि तोही बहुधा गुढीपाडव्याच्या मागेपुढे. पुण्या-नाशिककडील आजोबांनी पळसाचा फोटो पाठवावा, नातीने मेपलचा. बोलण्यासाठी दोघांना यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही. त्याच दिवसांत संध्याकाळी एखाद्या पाणथळ जागी गेल्यास बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचा कलकलाट ऐकू येतो आणि आपल्याला पहिल्या पावसानंतरच्या रात्री आठवतात. कोजागरीचे दूधही यंदा अंगणात त्याच झाडाजवळ प्यावे, कारण ती पौर्णिमा बहुतेक वेळा ऐन रंगाच्या दिवसांत येते.

एक खबरदारी मात्र घ्यावी: गवतातून किंवा पाचोळ्यातून आल्यावर मुलांच्या अंगावर, विशेषतः गुडघ्यांमागे आणि केसांत, गोचीड नाही ना हे पाहावे, कारण तुमच्या भागात तिच्यामुळे लाइम रोग होतो.

पहिला डोळा कोणत्या तारखेला उमलला, हे मुलीने आपल्या अक्षरात मला अवश्य कळवावे.