दादरचं एकच पोतं, दोन वावरं

प्रश्न : आयटीआयच्या ड्रॉइंगच्या वर्गात, वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्यात मुली मागे पडताना दिसतात. अशी अवकाशीय क्षमता (आकार आणि जागा मनात हाताळण्याची) ६९ टक्के आनुवंशिक आहे, असं वाचलं. मग हा फरक जन्मजातच समजायचा का? (एक निदेशक, चोपडा)

उत्तर : ६९ हा आकडा २०१७ साली ब्रिटनमधल्या १,३६७ जुळ्या जोड्यांच्या अभ्यासातून आला. त्या गटात माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला जनुकांचा वाटा एवढाच त्याचा अर्थ. दोन गटांच्या सरासरीत फरक का, हे त्यावरून कळत नाही.

दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, गावठी बी एकाच पोत्यातून घ्या. अर्धं तापीकाठच्या काळ्या वावरात पेरा, अर्धं बरडावर. प्रत्येक वावरात ओल आणि माती सगळीकडे सारखी असेल, तर त्या वावरातली ताटं उंच-बुटकी झाली ती बियाण्यामुळे. पण दोन वावरांच्या सरासरीतली तफावत जमिनीची. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये मक्याचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. उलट रावेरकडची टिश्यू कल्चर केळीची बाग पाहा : रोपांची जनुकं जवळजवळ एकच, म्हणजे घडांच्या वजनातल्या फरकाची आनुवंशिकता शून्याच्या आसपास. जनुकं तर तिथंही काम करतातच!

मनात वस्तू फिरवण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी जास्त येते, हे अनेकदा दिसलंय. ते नाकारण्यात अर्थ नाही. वाद कारणाचा आहे. एके काळी ‘एक्स’ गुणसूत्रावरच्या एका जनुकाकडे बोट दाखवलं जाई. मुलाला ‘एक्स’ आईकडूनच मिळतो, तेव्हा मुलगा या बाबतीत बापापेक्षा आईवर जायला हवा. १९७० च्या दशकात मोठ्या नमुन्यांवर हे तपासलं, आणि ते टिकलं नाही.

२०११ चा ईशान्य भारतातला अभ्यास १,२७९ जणांवरचा. चार तुकड्यांचं कोडं जुळवताना पितृवंशीय कार्बी जमातीत पुरुष वेगवान ठरले; मातृवंशीय खासी जमातीत तो फरक दिसला नाही. एका कोड्यावर निकाल लावू नये, पण ‘जमिनी’कडे, म्हणजे भोवतालच्या परिस्थितीकडे, पाहायला तो भाग पाडतो.

आता तुमचा वर्ग. २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरावानं ही क्षमता सरासरी जवळपास अर्ध्या प्रमाण विचलनानं (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) वाढलेली दिसली. सहा-सात लाकडी ठोकळे चिकटवून आकार करा. आधी प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू (वरून, समोरून, बाजूनं दिसणारी दृश्यं) काढून घ्या. मग आकार ९० अंशात फिरवल्यावर कसा दिसेल ते आयसोमेट्रिक कागदावर (तिरक्या रेघांचा, घनाकार काढण्याचा कागद) काढायला लावा, आणि त्यानंतरच ठोकळा हातात द्या. ठोकळा आधी फिरवू नका. मग मुलं नुसती नक्कल करतात.

चुका वेगळ्या मोजा. ‘फर्स्ट अँगल’ या दृश्यं मांडण्याच्या पद्धतीत डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे येतं. तिथं चुकणारीला नियम माहीत नाही, नजर कमी नाही. आरशातली प्रतिमा काढणारीची अडचण मात्र खरी फिरवण्याची. एक चाचणी घड्याळ बाजूला ठेवूनही घ्या : वेळ कमी असला की ही तफावत जास्त दिसते.