जुना फोर्कलिफ्ट घेतोय, पाटीवर एफडी२५टी-१६ लिहिलंय. यावरून इंजिन कोणतं आणि बाकीची माहिती कशी कळेल?

पाटी वाचणं सोपं आहे. हा कोमात्सुचा नंबर. एफ म्हणजे फोर्कलिफ्ट, डी म्हणजे डिझेल, २५ म्हणजे अडीच टन, टी म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचशिवाय तेलातून ताकद पुढे देणारा भाग (क्लचवाल्या गाडीला तिथे सी असतो) आणि १६ ही मालिका. पण इंजिन कोणतं हे यात कुठेच लिहिलेलं नाही. याच मालिकेत ४डी९२ई आणि ४डी९४एलई अशी दोन डिझेल इंजिनं येतात. पहिलं २६५९ सीसीचं, दुसरं ३०५२ सीसीचं. नावातले ९२ आणि ९४ म्हणजे बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. फरक दोनच मिलिमीटरचा, पण पिस्टन, रिंगा, हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) सगळं वेगळं. म्हणून कुणी म्हणालं की "मॉडेल नंबर सांगा, इंजिन सांगतो", तर मला राग येतो. कारण हेच वाक्य माझा दादा बोलायचा.

आम्ही दोघे भाऊ फोर्कलिफ्ट गाड्या दुरुस्त करायचो. खरेदी आणि फोन दादाकडे, पाना माझ्या हातात. एक चार टनी जुनी डिझेल गाडी आली. ऑइलची काडी ओढली तर ऑइल पांढरट, फेसाळलेलं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं. हेड गॅसकेट गेलेलं, त्यात शंका नव्हती. दादाने पाटीवरचा मॉडेल नंबर फोनवर वाचून दाखवला आणि अख्खं किट मागवलं. मी म्हटलं, "दादा, थांब जरा, ब्लॉक खरवडून इंजिन नंबर बघू दे, दहा मिनिटं लागतील." तो म्हणाला, "कंपनीने पाटी काय शोभेला लावलीय?" वयाने मोठा, समोर गिऱ्हाईक उभं. मी गप्प बसलो.

सहाव्या दिवशी किट आलं. तोवर मी हेड उतरवून ब्लॉकचा माथा घासून लख्ख केला होता. नवं गॅसकेट वर ठेवलं. पहिल्या सिलिंडरवर कडा बरोबर बसली, दुसऱ्यावर किंचित सरकली, तिसऱ्यावर आणखी, आणि चौथ्यावर गॅसकेटची पोलादी कडा बोटभर बोअरच्या आत लोंबत होती. मी दादाला हाक मारली. तो आला, बघितलं आणि काहीच न बोलता फोन करायला बाहेर गेला.

मग मी वायर ब्रश घेतला. डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने ब्लॉकची बाजू पुसली, वरचा पिवळा रंग निघाला, खाली करडा निघाला, आणि त्याखाली सपाट पट्टीवर ठोकलेली अक्षरं दिसली: एलडी, पुढे आकडे. पर्किन्स ही इंजिन बनवणारी कंपनी; तिच्या इंजिन नंबरात पहिली दोन अक्षरं घराणं सांगतात. एलडी म्हणजे ४.२३६. चार सिलिंडर, २३६ घन इंच, म्हणजे ३.८६ लिटर. आधीच्या कुठल्या तरी मालकाने मूळ इंजिन काढून हे बसवलं होतं. पाटी होती तिथेच राहिली. इंजिनाच्या पायांना जोडलेल्या पट्ट्यांवरचं वेल्डिंग मी हेड उतरवतानाच पाहिलं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

किटचं पाकीट फुटलेलं, ते परत गेलं नाही. गाडी एकोणीस दिवस उघडी पडली आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. घरी दादा आजही सांगतो की माल देणाऱ्याने चुकीचं किट पाठवलं. नाही पाठवलं. जे मागितलं तेच त्याने दिलं. आपण चुकीचं मागितलं.

म्हणून तुम्हाला सांगतो, गाडी बघायला जाताना वायर ब्रश, चिंधी आणि टॉर्च घेऊन जा. ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराचा फोटो काढा, चेसिसच्या सिरीयल नंबराचा वेगळा काढा. इंजिनाचा सुटा भाग मागवायचा तो इंजिन नंबरावर. मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा), ब्रेक, स्टिअरिंगचं सामान सिरीयल नंबरावर. मॉडेल नंबर फक्त ओळख पटवायला. विकणारा ब्लॉक खरवडू देत नसेल तर ती गाडी सोडा.

दुसऱ्या कंपनीची गाडी बघायची वेळ आली तर नंबराचं गणित बदलतं. टोयोटात ६२-८एफडी२५ असं असेल तर पुढचे ६२ गाळू नका, इंजिनाचा सुगावा त्या दोन आकड्यांत असतो, आणि लोक नेमके तेच लिहायचे सोडतात. हायस्टरच्या एच५०एक्सएममध्ये ५० म्हणजे पाच टन समजू नका, ते पाच हजार पौंड आहेत, म्हणजे सव्वादोन टनांच्या जरा वर. हायस्टरच्या सिरीयल नंबराच्या शेवटचं अक्षर साल सांगतं.

बाकीच्या माहितीत क्षमतेबद्दल सांगायचं राहिलंच. अडीच टन हा आकडा वजनाचा मध्य काट्यांच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हाचा. लांब पेटी उचलली तर तो मध्य पुढे सरकतो आणि तेवढा भार पेलत नाही. मास्ट उंच असेल, साइड शिफ्टर (काटे डावी-उजवीकडे सरकवणारा) किंवा क्लॅम्प (माल दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा) बसवलेला असेल, तर आकडा आणखी खाली येतो. तो खालचा आकडा क्षमतेच्या पाटीवर असायला हवा. क्लॅम्प नंतर लावलाय आणि पाटी जुनीच आहे, असं दिसलं तर त्या पाटीवरही विश्वास ठेवू नका.