‘एचआयव्हीमुळे होणारा मांसाचा कर्करोग’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कापोसी सार्कोमा या आजाराबद्दल मराठीत लिहिताना ‘एचआयव्हीमुळे होणारा मांसाचा दुर्मीळ कर्करोग’ असं म्हटलं तर चालेल का?

‘मांसाचा’ हा शब्द काढावा आणि ‘मुळे’ची जागा बदलावी, असं माझं मत आहे. दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची.

‘मांस’ वापरावंसं वाटणं स्वाभाविक आहे. सार्कोमा या नावात ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांसच आहे, आणि सुश्रुतानेही अर्बुदांच्या (म्हणजे गाठींच्या) प्रकारांत मांसार्बुद वेगळं काढलं आहे. पण आज सार्कोमात हाड, चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या अशा कितीतरी ऊतींच्या गाठी येतात. कापोसी सार्कोमा रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांच्या अस्तराशी संबंधित असतो. त्याचे जांभळट-तपकिरी चट्टे त्वचेवर, तोंडात उठतात. मांस म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे दंड-मांडी येते. त्यापेक्षा ‘सार्कोमा’च ठेवा. ‘मृदू ऊतींचा कर्करोग’ हेही चालेल. ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांमुळे ‘ऊती’ हा शब्द शेतकरी वाचकालाही परका नाही.

आता ‘मुळे’. हा प्रत्यय लावला की कारण आणि परिणाम एकमेकांना चिकटतात, मधलं काही उरत नाही. एचआयव्ही ज्या गटातला आहे त्या रेट्रोव्हायरस विषाणूंच्या बाबतीत हे कधी कधी अगदी बरोबर असतं. अमेरिकी वैज्ञानिक पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या सार्कोमाचा अर्क पेशी गाळून काढून दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही सार्कोमा झाला. त्या अर्कात एक रेट्रोव्हायरस होता आणि त्याच्याजवळ पेशींची बेसुमार वाढ घडवणारं जनुक असतं, हे पुढे कळलं. त्या जनुकाचं ‘सार्क’ हे नावही सार्कोमावरूनच आलं. राउस यांना नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी! तिथे ‘विषाणूमुळे झालेला सार्कोमा’ हे शब्द अचूक बसतात.

एचआयव्हीकडे असं जनुक नाही. तोही रेट्रोव्हायरसच, आपल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती माणसाच्या पेशीच्या डीएनएत जोडतो आणि तिथे कायमचा राहतो. तो प्रतिकारशक्ती पोखरतो. कापोसी सार्कोमासाठी लागणारा विषाणू मात्र निराळाच आहे: हर्पिस कुळातला, एचएचव्ही-८. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी तो १९९४ मध्ये शोधला. मोरिट्झ कापोसी यांनी व्हिएन्नात या आजाराचं वर्णन केलं १८७२ मध्ये, एड्सची साथ दिसण्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी. भूमध्य सागराभोवतीच्या वृद्धांत आणि अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांतही तो एचआयव्हीशिवाय आढळतो. भारतात एचआयव्ही असलेले २० लाखांहून जास्त लोक आहेत, तरी कापोसी सार्कोमा इथे क्वचितच दिसतो, कारण एचएचव्ही-८चा प्रसारच इथे कमी आहे. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात चित्र वेगळं आहे.

एचआयव्ही असलेल्या मुलांत अनैच्छिक स्नायूंच्या ज्या विरळा गाठी दिसतात, त्यांतही एपस्टाइन-बार हा दुसराच विषाणू सापडतो.

यासाठी मराठीत ‘बळावणे’ हे फार नेमकं क्रियापद आहे. बीज आधीपासून असतं, अंगातला जोर ओसरला की आजार डोकं वर काढतो. हे सगळं त्या एका क्रियापदात येतं. शिवाय ‘एचआयव्हीमुळे कर्करोग’ वाचून नुकतंच निदान झालेला माणूस हबकून जाईल, आणि वस्तुस्थिती इतकी निराशाजनक नाही. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधं नियमित घेतली आणि प्रतिकारशक्ती सावरली की सुरुवातीच्या टप्प्यातले चट्टे अनेकदा केमोथेरपीशिवायही ओसरतात. नुसत्या ‘मुळे’तून ही वाट दिसत नाही.

तेव्हा मी असं लिहीन: ‘एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की एचएचव्ही-८ या दुसऱ्या विषाणूपासून होणारा कापोसी सार्कोमा बळावतो.’ वाक्य लांबलं, पण ‘मुळे’ योग्य जागी आलं. मथळ्यात एवढं मावणार नसेल, तर ‘एचआयव्हीबाधितांत आढळणारा कापोसी सार्कोमा’ पुरे.