विचारा की! : म्हातारा रडला की वीज का कडाडते?

प्रश्न : नमस्कार, मी कसबा बावड्याचा, कथा लिहितो. नव्या कथेत एक म्हातारा शेतकरी आहे, पोरगा पुण्यात, आणि एक दिवस पोरगा येऊन सांगतो की बाबा मी काय परत येत नाही, रान विकून टाकूया. तिथं मी वीज कडाडते, आभाळ फाटतं असं लिहिलंय. मित्र म्हणतो, लेका ही तर टीव्ही सिरीयल झाली. मग निसर्ग वापरायचाच नाही काय?

उत्तर : वापरायचा की! मित्राचं निम्मं बरोबर आहे. विजेचं काही चुकलं नाही हो, ती तुमच्या हुकमावर पडतीय ही अडचण आहे, म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं की आभाळ हजर, जसं काय त्याला दुसरं कामच नाही. जॉन रस्किन नावाच्या इंग्रज समीक्षकानं 1856 सालीच या सवयीला 'पॅथेटिक फॅलसी' असं नाव दिलं होतं, म्हणजे दुखणं जुनंच.

आता असं करून बघा. डिसेंबर आहे, पोरगा आणि सून आलेत, बांधावर उभे आहेत आणि उसाला तुरा आलाय, पांढराशुभ्र, वाऱ्यावर डोलतोय. सून म्हणते किती भारी, आणि रील काढायला लागते. म्हातारा गप्प. कारण तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली, आता तो आतनं पोकळ पडत जाणार, वजन घटणार, आणि तोड काय अजून मिळालेली नाही, चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागं फिरून चपला झिजल्या. एकच तुरा, दोघांना दोन दिसतात. त्याच वेळी पोरानं रान विकायचं काढलं की वीज लागतच नाही. फक्त 'उसासारखाच तोही आतून पोकळ झाला होता' हे वाक्य लिहू नका, हात शिवशिवणार, माहिती आहे, माझेही शिवशिवतात.

जुन्या तमिळ संगम कवितेत तर याची अख्खी व्यवस्थाच होती. डोंगर आला की प्रेमिकांचं मीलन, जंगल आलं की वाट बघणं, समुद्रकिनारा म्हणजे झुरणं, पिकाऊ शेतं म्हणजे रुसवा, कोरडं माळरान म्हणजे ताटातूट. जागा सांगितली की ऐकणारा मनात काय चाललंय ते ओळखायचा. आपल्याकडंही आहे की असं, कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 38 फुटांवर गेलं एवढं लिहिलं तरी इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण 39 ला इशारा आणि 43 ला धोका हे पोराटोरांना पाठ आहे. नागपूरच्या वाचकाला ते कळणार नाही, मग त्याच्यासाठी आईला धान्याची पोती माळ्यावर चढवताना दाखवा, मध्येच थांबून ती पाळण्याकडं बघते, एवढं बास.

प्रश्न : निसर्गवर्णन किती ओळींचं असावं? (फुलेवाडीहून)

उत्तर : पात्र जेवढा वेळ बघतंय तेवढं. तुम्ही पाठवलेल्या पानात नायिका केएमटीची बस पकडायला पळतीय आणि रंकाळा तळ्यावरच्या सूर्यास्ताला अकरा ओळी! तिला तो दिसणारच नाही ओ, आणि दिसलाच तर आज परत उशीर झाला म्हणून दिसेल.