रेडा खरंच बोलला का?

प्रिय पिल्लू,

रविवारी माईआजीने फोनवर तुला पैठणची गोष्ट सांगितली, ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद म्हणवून घेतले ती. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आजीला हे खरंच घडलं असं वाटतं? आणि तुला वाटत नाही, तर तू गप्प का बसलीस?" दुसरा प्रश्न जरा लागलाच मला.

ठाण्याच्या घरात असं समोरासमोर कुणी कुणाला विचारलंच नाही. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितोय अशी बातमी देशभर पसरली. नौपाड्यातही देवळाबाहेर ही रांग, प्रत्येकाच्या हातात वाटी-चमचा. अण्णाआजोबांनी देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलला, माझ्या जुन्या पाटीवर ठेवला आणि दुधाचा चमचा सोंडेला लावला. दूध खरोखर कमी व्हायला लागलं! पण मूर्तीच्या पायाशी काळ्या पाटीवर पांढरा ओघळ आला. "पृष्ठताण," अण्णा एवढंच म्हणाले; म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा ताणच दूध चमच्यातून ओढून घेतो. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालून तेच दाखवलं. माईने मात्र पाटीवरचं दूध बोटाने टिपून तीर्थ म्हणून माझ्या तळहातावर ठेवलं, पेन्सिलीच्या भुकटीसकट. मी प्यायले. दोघं भांडलीबिंडली नाहीत.

हेच अण्णा रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचायचे. 1290 सालची. त्यात सुरुवातीलाच गणपती येतो, पण कसा? सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे त्याचे हात, तर्क हा परशू, वेदांत हा मोदक. म्हणजे ज्यांच्या रेड्याबद्दल तू विचारतेस, त्यांनी स्वतः गणपतीचं सबंध रूपक केलंय. आणि रेड्याची गोष्ट मला आवडते ती त्या चार भावंडांसाठी. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, शुद्धिपत्र मागायला पैठणला आलेली. वेद आमचेच म्हणणाऱ्यांना तिथे रेडा वेद म्हणून दाखवतो. मग तो बोलला की नाही, याने मला फारसा फरक पडत नाही.

की हे मी फार सोयीचं सांगतेय? कारण रेड्याचं रूपक करायला घरात सगळे मोकळे होते. ताईआत्याला मात्र महिन्याचे चार दिवस बाजूला बसावं लागायचं, ताट-वाटी वेगळी. तिथे कुणाला रूपक सुचलं नाही. पृष्ठताण सांगणारे अण्णाही गप्पच. मला त्यांचा अजून राग येतो, आणि त्यांचा ओव्या म्हणतानाचा आवाजही आठवतो.

मी गप्प बसले, कारण माई ती गोष्ट सांगताना रेड्यासारखी मान हलवते ना, तेव्हा मध्ये तोंड घालावंसं वाटत नाही. तू मानावंस असं मी म्हणत नाहीये. पारायणाला तर मीही कधी बसले नाही.

डिसेंबरात ठाण्याला जाऊ, तेव्हा तूच विचार तिला. जेवून लवंडली असेल तेव्हा नको, चिडेल. आणि आत्या आली असेल तेव्हाच विचार. तिलाही बरंच बोलायचं असेल.

तुझी,
आई