मेक्सिकोतला ‘महापौर’ की नगराध्यक्ष? आणि त्यासोबत येणारे आणखी काही शब्द

तुम्ही विचारलंय की १ नोव्हेंबर २०२५ला मेक्सिकोत उरुआपान शहराच्या ‘महापौरा’ला, कार्लोस मान्सो यांना, कार्टेलवाल्यांनी, म्हणजे ड्रग्जच्या टोळ्यांनी, गोळ्या घातल्याची बातमी वाचली तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो "महापौराला मारून कुणाला काय मिळणार?", तर मूळ स्पॅनिश शब्द काय आहे आणि महापौर तिथे बसतो का. माझ्या मते बसत नाही, आणि घरात आलेला तो प्रश्न हाच त्याचा पुरावा.

मूळ शब्द दोन आहेत. लोकांच्या तोंडी आल्काल्दे, आणि कायद्याच्या भाषेत प्रेसिदेन्ते मुनिसिपाल. आल्काल्दे आला अरबी अल-काझीवरून, म्हणजे आपला काझी तोच. निवाडा करणारा माणूस स्पेनमध्ये हळूहळू गावाचा कारभारी झाला आणि तिथून हा शब्द समुद्रापार मेक्सिकोत गेला. आपला महापौर सावरकरांच्या नावावर असलेल्या शब्दांपैकी, सुंदर शब्द आहे, माझी शब्दाबद्दल तक्रारच नाही, पण आपल्याकडे महापौर म्हटलं की हारतुरे, उद्घाटनं आणि सभागृहातली मोठी खुर्ची डोळ्यासमोर येते कारण खरी सही आयुक्तांची असते आणि पोलीस तर महापालिकेचे नसतातच, ते राज्याच्या गृहखात्याचे. मेक्सिकोत उलट आहे. तिथल्या राज्यघटनेच्या ११५व्या कलमाप्रमाणे मुनिसिपिओचे, म्हणजे पालिकेच्या हद्दीचे, पोलीस आल्काल्देच्या हाताखाली असतात. शिवाय रस्त्याची, पाण्याची कंत्राटं, परवाने, कोणत्या खुर्चीत कोण बसणार हे सगळं त्याच्याच टेबलावरून जातं. कार्टेलला नेमकं तेच हवं असतं, पोलिसांनी डोळेझाक करावी, कंत्राटात वाटा मिळावा आणि आपला माणूस पोलीसप्रमुख व्हावा. मग नव्या आल्काल्देला निरोप येतो, प्लाता ओ प्लोमो. शब्दशः चांदी की शिसं, पण असं भाषांतर करू नका, शिसं म्हटल्यावर मराठी माणसाला पेन्सिल आठवते. ‘पैसे घे नाहीतर गोळी खा’ हे सरळ आणि बरोबर.

हे कळलं की तारखा वेगळ्याच दिसायला लागतात. मोरेलोस राज्यातल्या तेमिक्स्कोच्या हिसेला मोता, वय ३३, यांनी १ जानेवारी २०१६ला पदभार घेतला आणि २ जानेवारीला सकाळी घरात घुसून त्यांना मारलं. गेरेरो राज्याची राजधानी चिल्पान्सिंगो, तिथले आलेहान्द्रो आर्कोस यांना पदावर येऊन आठवडाही झाला नव्हता, ६ ऑक्टोबर २०२४ला त्यांचा शिरच्छेद झाला, आणि त्याच्या तीनच दिवस आधी त्यांच्या पालिकेचा सचिव मारला गेला होता. इतक्या लवकर कुणाचं काही बिघडवायलाही वेळ मिळत नाही हो, म्हणजे हा कामाचा सूड नाही, कुणाच्या हाताखाली काम करायचं हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकण्याची रीत आहे. ‘महापौर’ वाचून हे समजणारच नाही.

मग लिहायचं काय? मी नगराध्यक्ष लिहीन. उरुआपान तीन-साडेतीन लाख वस्तीचं, अवोकाडोच्या बागांसाठी प्रसिद्ध, आणि लोकांनी थेट निवडून दिलेला माणूस ही नगराध्यक्षपदाची खूण आपल्या वाचकाला ओळखीची आहे. पोलिसांचा भाग मात्र शब्दात मावत नाही, तो वाक्यात सांगावा लागेल. पण वाहाका राज्य घ्या, तिथे एका राज्यात ५७० मुनिसिपिओ, काही तर काहीशे डोक्यांची, तिथल्या प्रेसिदेन्तेला सरपंचच म्हणायला हवं. आणि सरपंच म्हटलं की आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२४मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना रस्त्यातून उचलून नेऊन मारलं आणि पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा सरपंचाला मारून कुणाला काय मिळणार असं महाराष्ट्रात कुणीही विचारलं नाही. ड्रग्जचा तिथे संबंध नव्हता, प्रकरण वेगळं आहे, मी फक्त शब्द कानाला कसा लागतो एवढंच म्हणतोय.

खंडणीवरून आठवलं. या बातम्यांत देरेचो दे पिसो असा शब्द येतो आणि बरेच जण खंडणी लिहून मोकळे होतात. पिसो म्हणजे जमीन, फरशी, तर अर्थ झाला जमिनीचा हक्क, जागेचे पैसे. आमच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी मांडून बसलेल्या बाईपुढे ग्रामपंचायतीचा माणूस येतो, बोटाला थुंकी लावून पावती फाडतो, ती दहा-वीस रुपये देते, तो पुढच्या गोणपाटाकडे जातो, तसली ही वसुली. फरक इतकाच की पालिकेच्या जागी कार्टेल आलं आणि पावती गेली. टॉर्टियाचं दुकान, टॅक्सी, लिंबाची बाग, सगळ्यांवर. आपली खंडणी मराठेशाहीतली, मुलखावर ठरवून बसवलेली रक्कम, तिला एक राजकीय वजन आहे, आणि हप्ता हा फारसी हफ्त म्हणजे सात त्यातून आला, आठवड्याचा. रोजच्या छळाला हप्ता जास्त जवळचा. ऑक्टोबर २०२५मध्ये आपात्सिंगानच्या लिंबू बागायतदारांचे पुढारी बेर्नार्दो ब्राव्हो याच वसुलीविरुद्ध बोलत होते, त्यांना मारलं, आणि दोन आठवडे व्हायच्या आत त्याच मिचोआकान राज्यात उरुआपान झालं.

आता प्लासा. आपल्याकडे प्लाझा म्हणजे दादरचं थिएटर नाहीतर मॉल, मेक्सिकोत प्लासा म्हणजे गावाचा मुख्य चौक, चर्च, पालिकेची इमारत, बाकडी, मुलं. पण कार्टेलच्या भाषेत प्लासा म्हणजे त्यांचा इलाका, आणि हेफे दे प्लासा म्हणजे त्या इलाक्याचा म्होरक्या. ‘चौकाचा प्रमुख’ असं भाषांतर मी एका ठिकाणी वाचलं आणि खरंच वाईट वाटलं, सगळा अर्थ निसटला. उरुआपानमध्ये हे दोन्ही अर्थ एका जागी आले. मृतांच्या दिवसाची, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाची, रात्र, पणत्या-मेणबत्त्यांचा उत्सव, घरंच्या घरं चौकात आलेली, आणि तिथे त्या गर्दीत नगराध्यक्ष कार्लोस मान्सो यांना गोळ्या घातल्या. डोक्यावर कायम मोठी टोपी घालणारे, अपक्ष निवडून आलेले, केंद्र सरकारकडे जाहीरपणे मदत मागत राहिलेले मान्सो, मारलेल्या आल्काल्देंच्या यादीत मला आणखी एक व्हायचं नाही असं बोलून दाखवलेले. मारेकरी सतरा वर्षांचा होता.

आणखी एक शब्द सांगतो कारण तो मराठीत आयता तयार आहे. लेवान्तोन, म्हणजे लेवान्तार, उचलणे यावरून. पेपरवाले अपहरण लिहितात, पण अपहरणाला स्पॅनिशमध्ये सेकुएस्त्रो वेगळा आहे, त्यात फोन येतो, रक्कम सांगतात, घासाघीस होते. लेवान्तोनमध्ये बहुतेक वेळा फोन येतच नाही. मिचोआकानमधल्याच तिकिचेओच्या माजी नगराध्यक्ष मारिया सान्तोस गोरोस्तिएता, आधीच्या दोन हल्ल्यांतून वाचलेल्या, नोव्हेंबर २०१२मध्ये मुलीला शाळेत सोडायला निघाल्या होत्या, गाडी अडवून त्यांना नेलं आणि काही दिवसांनी मृतदेह सापडला. मराठीत आपण काय म्हणू? ‘उचलली’. बस, हाच शब्द, यापेक्षा बरोबर मला सुचत नाही, बातमीत तो खालच्या दर्जाचा वाटतो म्हणून संपादक कापतात, कापू नये.

शेवटी स्त्रीलिंगाचं, कारण तेही तुम्ही विचारलं होतंत. आल्काल्देसा. जुन्या स्पॅनिश कोशांत याचा अर्थ आल्काल्देची बायको, जशी पाटलाची पाटलीण, बाई स्वतः निवडून यायला लागल्या तेव्हा अर्थ बदलला. मान्सो गेल्यावर काही दिवसांतच त्यांच्या पत्नी ग्रेसिया किरोस यांनी उरुआपानच्या आल्काल्देसा म्हणून शपथ घेतली, म्हणजे शब्दाचे जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ एका आठवड्यात एकाच बाईच्या वाट्याला आले. त्यांच्यासाठी मी नगराध्यक्षा लिहिणार नाही, नगराध्यक्ष लिहीन, आधी त्या खुर्चीत बसलेल्यासाठी जो शब्द वापरला तोच.